शेगडी कुठे ठेवू नये

नेरूळ
२८ नोव्हेंबर १९९६

चि. बाजीरावास,
अक्काचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

पायलला नववा लागून आठ दिवस झाले. पहिलं बाळंतपण म्हणून लेक माहेरी आलीय आणि मी दिवसभर वॉर्ड ऑफिसात. तेव्हा मायला आठवड्याच्या आत पाठव. शेक-शेगडी तिच्याइतकी कुणाला जमते?

यंदा इथेही थंडी आहे. तू हसशील, परभणीच्या थंडीपुढे आमची म्हणजे पंख्याचा वारा. पण पुलाखालच्या बिगाऱ्यांची पोरं कुडकुडतात. आम्ही ब्लँकेटं वाटतोय, आणि घरोघर द्यायला एक पत्रक काढलंय. निवारा कुठे मिळेल, अँब्युलन्सचा नंबर काय, शेगडी पेटवताना काय जपावं. मजकूर माझा. साहेबांनी एक अक्षर बदललं नाही. हे भावाला नाही सांगायचं तर कुणाला?

लोभ असू दे, आणि मायला लवकर बसवून दे.
तुझी सरूअक्का

पिंपळवाडी, जि. परभणी
४ डिसेंबर १९९६

ती. अक्कास,
बाजीरावचा सविनय जयभीम. वि. वि.

माय रविवारच्या एसटीनं निघतेय. पनवेलला उतरवून घे. सोबत बाळंतशोपा, ओवा, पोत्यात बांधलेली मातीची शेगडी आणि बाभळीचे कोळसे. कोळसे तिकडे मिळतात म्हटलं, तर म्हणाली, मुंबईच्या कोळशाला कसली आलीय धग. कंडक्टरशी भांडण होणार हे नक्की. तू कानाडोळा कर.

मस्करी सोडून एक सांगतो. तिला आता थंडी सोसत नाही, गुडघे आखडतात. पण स्वतःसाठी ती तोंड उघडायची नाही. तेवढं तूच बघायचं.

पायलला आशीर्वाद. माया आहेच, ती मायसोबत पाठवतोय.
तुझा बाजीराव

नेरूळ
२२ डिसेंबर १९९६

चि. बाजीरावास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

कार्ड मिळालंच असेल, पायलला बारा तारखेला मुलगी झाली. दोघी ठीक. घरात मायचं राज्य आहे. शेजारच्या आबिदाभाभी अलिबागकडच्या, त्यांच्याशी तिची अशी गट्टी जमलीय की मी घरी आले तरी दोघींना कळत नाही.

वाद झाला तो शेगडीवरून. एकदा ऑफिसातून आले तर खिडक्या बंद, फटींत बोळे, पायलच्या बाजेखाली निखारे. खोलीची भट्टी झालेली. आपल्या घरी कुडातून वारा येतो-जातो, इथे सिमेंटच्या भिंती. कोळशाच्या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातं, हे मी समजावलं. पत्रक वाचून दाखवलं. तर म्हणते, तुझ्या वेळी बाजेखाली काय साहेबाचा कागद ठेवला होता? दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आपण होऊन शेगडी बाहेर काढली. आता फडकी बाहेर तापवून आणते आणि बाळाला शेकते.

मायपुढे मी जन्मात पहिल्यांदा जिंकले. गावभर सांग.

लोभ वाढता ठेव, नात मामाआजोबांची वाट बघतेय.
तुझी सरूअक्का

नेरूळ
९ जानेवारी १९९७

चि. बाजीरावास,
जयभीम. वि. वि.

तू मायच्या अस्थी घेऊन गेलास त्याला दहा दिवस झाले. पोचल्याचं पत्र नाही. इथे होतास तेव्हाही माझ्याकडे पाहिलं नाहीस, काही विचारलं नाहीस. म्हणून न विचारता सांगते.

त्या दिवशी मी सारसोळ्याच्या कोळीवाड्यात पत्रकं वाटत होते. मायनं पायलला न्हाऊ घातलं, बाळाला शेकलं आणि उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी घेऊन मागच्या लहान खोलीत गेली. गुडघे शेकायचे म्हणाली. खिडकी लावली, दार लावलं. दाराखालच्या फटीत आपलं जुनं लुगडं खोचलं, वायू बाळाकडे जाऊ नये म्हणून. दुपारी चहाला उठेना. आबिदाभाभींनी दार ढकललं, ते लुगड्याला अडलं. पायलनं त्यांच्या फोनवरून पत्रकातला नंबर फिरवला. अँब्युलन्स दहा मिनिटांत आली. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन दोन तास तरी झालेत.

मी लिहिलं होतं, ‘लहान बाळ व बाळंतीण यांच्याजवळ बंद खोलीत शेगडी ठेवू नये.’ मायनं ते शब्दन् शब्द पाळलं. माझ्या वाक्यात ती कुठेच नव्हती.

तू मला बघायला सांगितलं होतंस. मी बाळाचं बघत राहिले.

लोभ मागायला तोंड नाही. एक ओळ पाठव, शिवी असली तरी चालेल.
सरू

पिंपळवाडी
२ फेब्रुवारी १९९७

ती. अक्कास,
बाजीरावचा जयभीम. वि. वि.

घरी पोचलो तर भिंतीतल्या देवळीत मायचं कार्ड. आबिदाभाभींकडून लिहून घेतलेलं, सव्वीस तारखेचं. ती गेल्यावर ते आलं. महिनाभर खिशात घेऊन फिरलो, तुला कळवावं की नाही ते ठरेना. आज उतरवून देतो.

‘बाजीरावा, सरू म्हणते शेगडी बाळाजवळ नको. ती शिकलेली हाय, तिचं खरं असंल. म्हणून मी शेगडी माझ्या खोलीत नेते. मला काय हुतंय, मी धुरातच वाढले. सरू लई थकते रे. तिला माझ्या गुडघ्याचं सांगू नको.’

अक्का, मी रागावलो होतो. खोटं कशाला बोलू? पण ती शेगडी पोत्यात बांधून मीच दिली. शाळेत विज्ञान शिकवतो, तरी तिकडच्या भिंती कशा असतात हे मनात आलं नाही. गुडघ्यांचं तुला कळवून वर मोकळाही झालो.

पुढच्या थंडीत पत्रक निघेल तेव्हा ती ओळ तूच बदल. कुणाजवळही ठेवू नये, असं लिही. आणि खाली मोठ्या अक्षरात लिही, की धुरात वाढलेल्यांनाही हेच लागू आहे. पन्नास पत्रकं मला पाठव. इथल्या म्हाताऱ्या वाचणार नाहीत, विहारात मी वाचून दाखवीन.

दारात खोचलेलं ते लुगडं तू धुवून ठेवलं आहेस, असं पायलनं लिहिलंय. तसंच ठेवू नकोस. त्याची बाळाला दुपटी शिव. बाळासाठीच तिनं ते तिथे घातलं होतं.

लोभ होताच, महिनाभर मुका होता इतकंच. पत्र लिहीत जा.
तुझा बाजीराव