पडद्यावरची बांगडी

८ जानेवारी
नवा मॉनिटर आला! चांगला रुंद. विट्यातल्या दुकानातून अश्फाक आला, जोडून गेला. पण अक्षरं मुंगीएवढी. मला दिवसभर ब्लाउजवरच्या आरीकामाची, म्हणजे भरतकामाची, डिझाइनं काढायची — डोळे जायचे अशानं. मीच सेटिंगमध्ये शिरले, रिझोल्यूशन कमी केलं. अक्षरं मोठी झाली, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या! सासूबाई — मी त्यांना आत्या म्हणते — म्हणाल्या, पैसे काय काळं बघायला दिले? मग मॉनिटरची बटणं दाबून ‘फुल’ केलं. पडदा काठोकाठ भरला. आत्या खूश.

९ जानेवारी
ह्यांना सेलमला व्हिडिओ कॉल लावला. एरवी नुसता फोनवर आवाज. दिवाळीलाही आले नाहीत, सोनं गाळायचं दुकान बंद ठेवता येईना म्हणे. बघते तर गाल वर आलेले, मान जाड! मी इथं झिजतेय आणि हे तिकडं सुटलेत. रागच आला. आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. “जया, लय भरलास रं अंगानं.”
त्यांच्या मागचं कपाटही जरा पसरट वाटलं. पडदा ‘फुल’ केलाय, अश्फाकला एकदा बघायला बोलावते म्हटलं, तर म्हणाले, “कशाला? आईला बरं वाटतंय न्हवं. ऱ्हाऊ दे.”

१४ जानेवारी
आत्यांनी पडद्यालाच तिळगूळ दाखवला. हे खोकत होते. भट्टीचा धूर म्हणे, दुसरं काही नाही.
तरी मी अश्फाकला बोलावलंच आहे; त्याचं रोज उद्या, उद्या.

२० जानेवारी
लाजच गेली आज. गल्लीतल्या राणीच्या लग्नाच्या ब्लाउजवर पाठीला गोल नक्षी हवी होती. मी गोल काढली. कागदावर छापून आली ती उभं अंडं! राणीनं कागद उलटा करून ठेवला. ती गेल्यावर हातातली बांगडी काढून पडद्यावर धरली — नक्षीवर बरोबर बसली. कागदावर ठेवली — बसेना. म्हणजे पडदाच सगळं आडवं ताणून दाखवत होता. ते बघून मी नक्षी अरुंद काढत होते!
अश्फाकची वाट बघणं सोडलं. रिझोल्यूशन परत मॉनिटरच्या मापाचं केलं, सोळाला नऊ. अक्षरं वेगळी मोठी करता येतात, तीही केली. इतकं सोपं होतं. आता गोल ते गोलच दिसतं.

२१ जानेवारी
काय लिहू.
कॉल लावला. समोर कुणी दुसराच माणूस. गाल आत गेलेले, गळ्याची हाडं वर, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. मला वाटलं, परत काही बिघडलं. बाजूला राणीची नव्यानं काढलेली नक्षी उघडून हातातली बांगडी तिच्यावर धरली. बरोबर बसली.
मी विचारलं, कधीपासून? त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. आत्या हळूच म्हणाल्या, “सूनबाई, पयल्यासारखं कर की गं.”
मला ओरडावंसं वाटलं. भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

२२ जानेवारी
अश्फाकच्या दुकानात गेले. इतके दिवस का आला नाहीस, म्हणून भांडायलाच. तो मान वर करेना.
“वैनी, जयराजभाऊंचाच फोन आल्ता. म्हणाले, घराकडं फिरकू नगंस. फुलच ऱ्हाऊ दे.”
उद्या सेलमला निघते. आत्याही येणार.