समोरच्या खोलीची रांग

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि तुझे यजमान कसे आहेत? (पहिल्या दोघांची काळजी वाटते म्हणून विचारलं. तिसरे मला रोज समोरच दिसतात, तेच तर दुखणं आहे.)

ताई, स्पष्टच लिहितो, मी भाऊजींवर जळतो. बारा वर्षं मी माझ्या कचेरीतून लोकांच्या मुलांना त्या मोठ्या देशात शिकायला पाठवत आलो, आणि जिन्यापलीकडच्या खोलीत भाऊजी कुठल्याशा चिमुकल्या थंड देशाची माहितीपत्रकं घेऊन माशा मारत बसत. ज्यांचे गुण पाहून मलाच रडू येई, अशी मुलं मी दया म्हणून त्यांच्याकडे धाडायचो. आता त्या मोठ्या देशात सरकार बदललं. नवे मंत्री सकाळी बोलतात आणि दुपारी नियम बदलतो. परवा एका मुलीच्या वडिलांना मी तासभर व्हिसाचा नियम समजावला. ते जिना उतरेपर्यंत तो रद्द झाला, म्हणून मी खिडकीतून ओरडून त्यांना परत बोलावलं. ते आले, पण भाऊजींच्या खोलीत.

आता भाऊजींची रांग जिन्यावर मावत नाही, म्हणून तिचं शेपूट माझ्या बाकावर बसतं. पंखा माझा, पाणी माझं, आणि वर मलाच विचारतात, "काका, आत कितवा नंबर चालू आहे?" भाऊजींचा आवाज इथवर पोचत नाही (घरी तुझ्यापुढे तर तो घशाबाहेरही पडत नाही), म्हणून नंबरही मीच पुकारू लागलो. बारा वर्षांचा अनुभव, आणि काम काय, तर "तीन नंबर, चला!"

गुरुवारी मी चार नंबरनंतर एकदम अकरा पुकारला. मधल्या सहा जणांनी गोंधळ घातला. भाऊजी बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, तुला आता आकडेही येईनासे झाले का?" मी त्यांच्या उघड्या दारातून आत बघत ऐकून घेतलं. त्यांनी दोन दारांचं नवं कपाट घेतलंय, तेही त्याच वेळी नीट दिसलं. माझ्या कपाटाचं एक दार निखळलंय.

बाकी क्षेम. हे पत्र त्यांना दाखवू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. अकरा नंबर म्हणजे तोंडाला ओढणी बांधून बसलेली माझी लेक. तूच दिलेली निळी ओढणी, ताई! आवाज बदलून मलाच "काका" म्हणत होती. मोठ्या देशाच्या हट्टापायी मी तिची दोन वर्षं घालवली, दोनदा नकार आला, आणि "समोरच्या खोलीत पाऊल टाकलंस तर बघ" असं मीच बजावलं होतं. चार वाजता तिची शिकवणी असते. रांगेत थांबली असती तर त्याआधी नंबर लागलाच नसता.

आणखी एक. भाऊजींकडच्या तिच्या अर्जाची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते आणि वडिलांची सही लागते. मी ओळखलं हे तिला कळू देऊ नकोस. जिन्यातल्या दिव्याच्या तक्रारीवर माझी सही हवीच आहे, त्या कागदांत तिचा अर्ज सरकवायला भाऊजींना सांग. चष्मा मी त्या दिवशी घरी विसरेन.