किसनच्या खोलीचं कुलूप

ता. १२ ऑगस्ट २००३

ती. बाबांना दीक्षाचा मनापासून जयभीम.

मी बरी हाये. आईचा गुडघा कसा हाये? तिला ओझं उचलू देऊ नका.

बाबा, आमच्या रिमांड होममधी किसन नावाचं तेरा वर्षांचं पोरगं हाये. तीन दिवस तापानं फणफणत होतं, तरी त्याला एकट्याला खोलीत कोंडून ठेवलं. मी साहेबांना म्हणलं, दवाखान्यात न्या. ते म्हणाले, "नाटक करतोय. तिथून पळून जाईल." ज्या लेकराला उभं राहता येत न्हाई, ते पळणार कुठं?

शेवटी मीच चावी घेतली, कुलूप उघडलं आन् त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्यावरच चिडल्या. "न्यूमोनिया झालाय. इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

आता किसन जरा बरा हाये, पेज पिऊन राहिला. मला मात्र मेमो आला, परवानगीशिवाय कुलूप काहून उघडलं म्हणून. तापाबद्दल त्यात एक अक्षर न्हाई. मी उत्तर दिलं, "होय, मी उघडलं. माझं पद काळजीवाहकाचं आहे."

सोमवारी चौकशीला बोलावलंय. तिथंबी हेच सांगीन. नोकरी गेली तर आपल्या गावी, हट्ट्याला येईन. तुमी रागावणार न्हाई ना?

तुमची लेक,
दीक्षा