तिसरी हाक

२ फेब्रुवारी २००९, पिंपळगाव बसवंत

आले बाई एकदाची! द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी, मागेच राहायला खोली, आणि बाहेर ऊन रणरणत असताना आत स्वेटर घालून बसायची चैन. कुठल्या खोलीत किती पेट्या, किती थंडी, ते कॉम्प्युटरवर बघायचं, एवढंच माझं काम. जीव मात्र घरी, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये अडकलाय. आई वर्षभर अंथरुणावर आहे, पाय उचलतच नाहीत. भागीबाई सांभाळते, पण ती बाजारात गेली की आई एकटी.

८ फेब्रुवारी

रविवार म्हणून घरी जाऊन आले. माझा भाऊ सुनील अंबडला कारखान्यात आहे, त्याचे हात कधी स्वस्थ बसत नाहीत. त्याने आईच्या खोलीत कॉम्प्युटरला कॅमेरा आणि स्पीकर जोडलाय, फ्लॅटच्या दाराचं कुलूप काढून विजेची कडी बसवलीय. भागीबाई बाजारातून आली की मी इथून बटण दाबून दार उघडायचं! घरात नेट मोबाइलच्या डेटा कार्डवर. त्याला म्हणे नेटवर स्वतःचा पत्ताच नसतो, त्यामुळे बाहेरून कुणी थेट घरात शिरू शकत नाही. घरचा कॉम्प्युटरच बाहेर हाक मारत राहतो आणि मी ओ देते. भागीबाई पेठकडच्या डोंगरातली. ती म्हणाली, हाक आपन मारली ताई, पन ओ कोन देईल त्ये काय आपल्या हातात नाय. सुनील आणि मी पोट धरून हसलो.

आईही तिच्याच पंथातली. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, कारण 'ते', ज्याचं नाव घ्यायचं नसतं, दोनदाच हाक मारतं, हा तिचा जन्माचा नियम. म्हणून मी स्पीकरवर तीनदा हाक मारते, मगच बाईसाहेब बोलतात.

११ फेब्रुवारी

आई रुसलीय. दुपारी एकदाच हाक मारलीस आणि गप्प बसलीस, म्हणाली. दुपारी मी कंटेनर भरून घेत होते, माझा कॉम्प्युटर बंद होता. औषधांनी भास होत असतील.

१४ फेब्रुवारी

स्क्रीनच्या कोपऱ्यात आज दोघं जोडलेले दिसले. एक मी. सुनील म्हणतो तो नाही, जुनं कनेक्शन लोंबकळत असेल. पासवर्ड बदलला. तरी दोघं.

१७ फेब्रुवारी

आज दोनदा हाक आली. आवाज हुबेहूब माझा, सर्दीने बसलेला, असं आई म्हणाली. मला कालपासून सर्दी आहे. आईला सांगितलं नव्हतं.

मी घाबरलेय. तिला म्हटलं, आता तिसऱ्या हाकेलाही ओ देऊ नकोस. ती रडायलाच लागली. मग तू तूच आहेस हे मला कळायचं कसं, म्हणाली.

१८ फेब्रुवारी, सकाळ

भागीबाईला फोन करून डेटा कार्ड उपटायला लावलं. तिने ते पदराच्या गाठीत बांधलं. सुटले.

नाही. खोली मला स्क्रीनवर अजून दिसतेय. आई छताकडे बघत पडलीय. दोघं जोडलेले—

मिळेल त्या टेम्पोने निघते.

१८ फेब्रुवारी, जिन्यात

भागीबाई बाहेरच उभी होती. कार्ड काढून ती दुधाला गेली आणि मागे दार लागलं. आता कडी उघडणार कशी? ती कुलूपवाल्याला आणायला पळालीय. तोवर पायरीवर बसून लिहितेय.

हाक मारली. ओ नाही. शहाणी गं माझी आई.

दुसरी मारली. आत खाट करकरली. ती वाट बघतेय.

तिसरी मारू? मीच तर सांगितलंय— पण नाही मारली तर तिला वाटेल बाहेर 'ते'च—

आली. तिसरी. आतून. माझ्या आवाजात, खोकल्यासकट—

आईने ओ दिली. किती आनंदाने दिली. आले गं, म्हणाली.

पावलं वाजताहेत. तिची. वर्षभर न उचललेली—

दाराकडे येत नाहीत. कॉम्प्युटरच्या दिशेने—