अकरा पायऱ्या

गिरगाव,
ता. ६ डिसेंबर १८९३

चि. सौ. यशोदेस मनमोहनचे अनेक आशीर्वाद.

इकडे आई आणि धाकटी नलू खुशाल. वालाचं बिरडं झालं की आई तुझी आठवण काढते. तुला आता भाकरी चावता येते का? की अजून पेजच? हे विचारायला मी स्वतः यायला हवं होतं. माहीम काही काशी नव्हे.

इस्पितळात आमच्या डॉक्टरसाहेबांनी मोडलेल्या जबड्यांचा अभ्यास चालवला आहे. वर्षभराच्या नोंदी या कारकुनाच्याच अक्षरात. पुरुषांची कारणं नाना तऱ्हेची: गिरणीचा पट्टा, घोड्याची लाथ, ताडावरून पडणं, गुत्त्यातली मारामारी. बायका सतरा, त्यांतल्या सोळा जिन्यावरून पडलेल्या. साहेब चक्रावले. म्हणाले, "जिन्यांना कठडे हवेत. मुनसिपालटीला लिहू." आणि मी मुकाट्याने मसुदा लिहायला बसलो गं!

सतरावी पुतळाबाई, तुमच्या दारी मासळी आणते ती. तिने भर वॉर्डात मला दटावलं होतं, "दादल्यान वल्हा मारलान. तसाच लिव. लाजतंस कित्याक?"

त्याच महिन्यात मी तुला घेऊन आलो. तुला बोलता येत नव्हतं. कशाने झालं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, जिन्यावरून पडली. "किती पायऱ्या?" मी म्हणालो, अकरा.

यशोदे, तुमचं घर बैठं आहे. त्याला जिनाच नाही.

पाच आठवड्यांनी पट्टी सुटली आणि मीच तुला पुन्हा त्याच घरी पोचवून आलो. आई म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आईचं नाव कशाला पुढे करू? चारचौघांत घराची शोभा होईल म्हणून भ्यालो मीच. माझी मलाच लाज वाटते.

काल वहीतली तुझ्या नावापुढची ओळ खोडून लिहिलं, 'नवरा रघुवीर याने मारले.' साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "मग बाकीच्या पंधरा?" त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं. सोबतचा पुरुष सांगेल ते लिहीत गेलो.

टपाल रघुवीरराव आधी फोडतात, म्हणून हे पत्र पुतळाबाईच्या पाटीतून पाठवतो. वाचून चुलीत घाल. रविवारी सकाळी गाडी घेऊन येईन आणि उंबऱ्याबाहेर उभा राहीन. यायचं की नाही ते तूच सांग. या खेपेस तुझ्या वतीने मी बोलणार नाही.

तुझा भाऊ म्हणवून घ्यायला अजून लाजणारा,
मनमोहन