संध्याकाळपर्यंत दांडी धरू नका

बाबा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही दोघं न्हाणीघराच्या दारात भांडत होतात. "आधाराला दांडी कशाला? मी काय म्हातारा झालोय?" तुम्ही म्हणालात. "मग माझा खांदा सोडा की," आई म्हणाली. तुम्ही काही सोडला नाहीत.

ती दांडी मी आज सकाळी बसवली. तुम्ही कानातलं यंत्र काढून झोपला होतात, त्यामुळे ड्रिलचा आवाज तुम्हाला आला नाही. आपली भिंत हलक्या ब्लॉकची, टोस्टसारखी भुसभुशीत आहे. साधा स्क्रू तिच्यात आधी घट्ट वाटतो, पण माणसाचा भार पडला की भोकासकट बाहेर येतो. म्हणून खोल भोकं पाडली, आतली भुकटी झाडली आणि लांब बोल्ट चिकट मसाल्यात बसवले. तो मसाला दिवसभर वाळू द्यायचा आहे. दांडी ओढून बघायचा मोह तुम्हाला होणार, मला ठाऊक आहे. नका ओढू. न्हाणीघरात जाताना खुर्ची धरून जा, आंघोळ मी आल्यावर करा. जेवण झाकून ठेवलंय.

त्या दारात तुम्ही अजूनही डावा हात पुढे करता, जरा थांबता आणि मागे घेता. मी बघते आणि दुसऱ्या खोलीत जाते. आज हे लिहिता लिहिता एकटीच मोठ्याने बोलून गेले, तेच इथे लिहिते. बाबा, मला आईशिवाय या घरात करमत नाही.