ताईने न सांगितलेला शेवट

ता. ५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू कळवलेला शेवट वेळेवर पोचला. आईला धाकधूक सोसायची नाही, म्हणून आपल्या घरात आधी शेवट सांगून टाकायचा आणि मग पिक्चर बघायचा ही रीत पडली. आता तर तू थेटराच्या तिकीटखिडकीतच बसतेस आणि पिक्चर तुमच्या गावात आधी लागतात, तेव्हा ती मोडायचं कारणच नाही. ह्यांना मात्र मी अजून यातलं काही सांगितलेलं नाही. कोर्टात साक्षी टिपून घेणारा माणूस. शेवट आधी कळणं त्यांना पाप वाटतं. म्हणून लग्न झाल्यापासून मी दर पिक्चरला अंधारात दचकून दाखवत आले आहे.

रविवारी आम्ही तो पिक्चर बघितला. चाकाच्या खुर्चीतला सासरा खरं तर धडधाकट चालतो आणि खून त्यानेच केलेत, हे एकदा माहीत असल्यावर पडद्यावर बघण्यासारखं उरतं काय? मग मी ह्यांच्याकडेच बघत बसले. आणि ताई, तिथेच माशी शिंकली. विनोदी नोकराने तोंड उघडायच्या आत ह्यांना हसू फुटलं. रिकामी खुर्ची पडद्यावर यायच्या आधी ह्यांनी माझा हात घट्ट धरला. घाबरलेला माणूस घाबरल्यावर हात धरतो. हे मला आधीच धीर देत होते.

बाहेर पडल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की हा आधी बघितला होता का. तर म्हणाले, छे, कधी बघणार. चक्क माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले. हल्ली सारखे तोंडाकडेच बघत असतात, जसं काही माझ्या ओठाला शीत चिकटलंय. मागून हाक मारावी तर ओ देत नाहीत. कोचावर हट्टाने माझ्या डाव्या हाताला बसतात. कोर्टातून रोज उशीर होतो, विचारलं तर म्हणे साक्षी लांबल्या. तिथे एक नवी टायपिस्ट आली आहे, तिचं नाव ह्यांच्या तोंडून एकदाही निघत नाही. मला तर तेच जास्त खटकतं.

मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसते. कपडे धुवायला टाकण्याआधी लोकांचे खिसे तपासते आणि त्यांत काय काय निघतं ते मलाच ठाऊक. ह्यांचे खिसे अगदी स्वच्छ असतात. कोणाचे खिसे इतके स्वच्छ असतात, सांग बरं? आणि असला पिक्चर कोणी एकट्याने बघायला जातं का?

लोभ आहे तो असू दे, उत्तरात उपदेश तेवढा बेताचा घाल.
तुझी,
बारकी


ता. ११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तितकं हसू आलं नाही. आमचे मेव्हणे तसले नाहीत असं मी छातीठोक सांगितलं असतं, पण या खिडकीत बसून माझा छातीठोकपणा बराच उतरला आहे. भानगड असलेला माणूस कोपऱ्यातल्या खुर्च्या मागतो आणि उरलेली मोड घ्यायला विसरतो. असे विसराळू माझ्याकडे आठवड्याला बरेच येतात.

तरी राईचा पर्वत करू नकोस. आधी राई आहे का ते तरी बघ. तुमच्याकडे शुक्रवारी वकिलाचा पिक्चर लागतोय. हरवलेला भाऊ म्हणजे तो वकीलच. शेवटी तो खिडकीशी पाठमोरा उभा राहतो आणि एवढंच म्हणतो, की तो मीच. आमचं अख्खं थेटर तिथे तोंडात बोटं घालतं. मेव्हण्यांना पहिल्याच दिवशी, पहिल्याच खेळाला ने. तो त्यांनी आधी बघितलेला असणं शक्य नाही. पडद्याकडे बघू नकोस, चेहऱ्याकडे बघ आणि मला कळव.

आणि जेवण सोडू नकोस. संशय उपाशी पोटी फार वाढतो.
तुझ्यावर लोभ आणि लक्ष दोन्ही असलेली,
ताई


ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो. म्हणजे मी नेलं. हे रविवारी जाऊ म्हणत होते, अगदी काकुळतीला आले होते. रविवारच का, विचारलं तर सांगता येईना. शुक्रवारी मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं.

ताई, आधीच्या खेपेला हा माणूस सगळे हसायच्या आधी हसत होता, या वेळी सगळे हसून झाल्यावर हसला. मी रोजच्यासारखी कानाशी बोलत होते, तर हो हो करत होते. मी मुद्दाम म्हटलं, की ती बाई किती वाईट दिसते, तेव्हाही हो. पडद्यावर तेव्हा बाई नव्हतीच. मग तो वकील पाठमोरा उभा राहिला, बोलला, आणि बायका तोंडावर हात घेऊन बसल्या. हे शांत. वाटेत मी विचारलं, भाऊ कोण निघाला? म्हणाले, तो माळी. म्हणजे देह माझ्या शेजारी आणि चित्त भलतीकडे.

सोमवारी लॉन्ड्रीतून लवकर सुटून कोर्टात गेले. दारावरच्या शिपायाने सांगितलं, की साहेब तर हल्ली साक्षींना बसतच नाहीत आणि घड्याळात पाच वाजले की निघतात. आमच्या घरी ते दिवेलागणीनंतर येतात. मधल्या वेळात कुठे असतात ते विचारायचीसुद्धा मला किळस आली.

मी बॅग भरायला घेतली आहे. या पगारानंतर तुझ्याकडे येते, आणि परत जायचं म्हणून येत नाही. मला फार रडू येतं आणि ह्यांना ते ऐकूही जात नाही, पाठ करून पेपर वाचत बसतात.

जागा करून ठेव. लोभाचं आल्यावर बघू.
तुझी,
बारकी


ता. २० फेब्रुवारी

ती. ताई यांस,
सा. न. वि. वि.

मी आपणहून आपल्याला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, तेव्हा दचकला असाल. बारकी बॅग भरते आहे. कारण सांगत नाही, पण मी आंधळा नाही. मी बहिरा होतो आहे.

डावा कान गेल्यातच जमा आहे. उजवाही जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साक्षी घ्यायच्या कामातून मी स्वतःच बाजूला झालो. माझ्या कानापायी कोणी निरपराध आत जायला नको. आता नक्कलखोलीत कागदांच्या प्रती करत बसतो. पाचनंतर मूकबधिरांच्या शाळेतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे ओठ वाचायला शिकतो. नवा पिक्चर लागला की आधी एकटा जाऊन पुढच्या रांगेत बसतो आणि नीट समजून घेतो. मग तिच्याबरोबर बसलो की हसायची जागा चुकत नाही. शुक्रवारी ती संधीच मिळाली नाही, आणि तो वकील नेमका पाठमोरा बोलला.

तिला का सांगत नाही, असं आपण विचाराल. ती अंधारात माझ्या कानाशी हळू बोलत राहते, पिक्चरमध्येही आणि निजतानाही. एकदा कळलं की ती काळजीपोटी ओरडूनच बोलायला लागेल. माझ्या वडिलांशी सगळे तसंच बोलायचे आणि ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. जे काही ऐकणं उरलं आहे, त्यात मला तिचा हळू आवाज ऐकायचा आहे. मी भित्रा आहे, हे मान्य.

ती आपलं ऐकते. तिला थोडी थोपवा, मी धीर गोळा करतो. तोवर हे पोटात ठेवावं, एवढी विनंती.
आपल्या लोभाला पात्र आहे की नाही, या विचारात असलेला,
आपला मेव्हणा


ता. २४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

इकडे येऊ नकोस. घरात रंगकाम काढलं आहे, पाय ठेवायला जागा नाही. आणि रंगकाम नसतं तरी येऊ नकोस म्हणाले असते.

बाई वगैरे काही नाही. हे मला कसं माहीत ते विचारू नकोस. आजवर तुला प्रत्येक शेवट आधी सांगितला, हा एक मला सांगता येत नाही. पोटात दुखायला लागलंय, पण नाही. तू एवढंच कर, त्यांच्यासमोर उजेडात बस आणि शांतपणे विचार. समोर बस, पाठीमागून नको.

माझ्यावर भरवसा ठेव, लोभ मागाहून ठेवलास तरी चालेल.
तुझी,
ताई


ता. २८ फेब्रुवारी

ताई यांस,
नमस्कार. शिरसाष्टांग आज लिहवत नाही.

तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आपल्या दोघींची स्थळं ठरली, तीही तू नवऱ्यामुलांच्या आधी शेजारणींना सांगितलीस. आणि आता तुला सांगता येत नाही? म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे, ते तुला माहीत आहे, आणि ते ह्यांनीच तुला सांगितलं आहे. माझ्या पाठीमागे तुम्ही दोघं एकमेकांना लिहिता. त्या बाईचं नावसुद्धा तुला ठाऊक असेल.

नवरा गेला असता तर मी तुझ्याकडे आले असते. तू गेलीस तर मी कोणाकडे जाऊ? बॅग भरून दाराशी ठेवली आहे आणि कुठे जायचं ते कळत नाही.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.
बारकी


ता. ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि., आणि मागच्या पत्रात राहिलेला नमस्कारही यातच धर.

तू ह्यांना टाकलेलं खरमरीत कार्ड पोचलं. आजच्या आज सांगा, नाहीतर मी येऊन तिकीटखिडकीतून ओरडते तशी ओरडून सांगेन, असं लिहिलं होतंस म्हणे. हे तडक लॉन्ड्रीत आले. मोठी इस्त्रीची मशीन चालू होती. काउंटरपलीकडे उभं राहून सगळं सांगितलं. एक अक्षर ऐकू आलं नाही आणि मला सगळं समजलं. त्या मशीनपाशी आम्ही सगळ्या जणी दिवसभर ओठांवरूनच बोलतो. आवाज कोणाचाच पोचत नाही. हे तिकडे त्या बाईंकडे शिकवणीला जातात आणि घरात मी ही अशी, ओठ वाचणारी.

आधी मी चिडले. तुझ्यावर, ह्यांच्यावर, आणि त्या टायपिस्टवरसुद्धा, जिचा काही संबंध नव्हता. मग मशीनच्या आड उभी राहून रडून घेतलं. माझा माणूस माझ्याशेजारी बसून एकटाच झुरत होता आणि मी त्याचे खिसे तपासत होते, याची मला फार लाज वाटली.

आता काय काय करायचं ते ठरलंय. शिकवणी चालू राहील, उरलेला सराव घरी. बॅग रिकामी केली. ओरडायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. निजताना त्यांच्या उजव्या बाजूला असते आणि पूर्वीसारखीच हळू बोलते. लॉन्ड्रीतलं, शेजारचं, तुझं. ऐकू आलं नाही की हे नुसतं हो म्हणतात. ऐकलेला हो कोणता आणि न ऐकलेला कोणता, हे मला आता लगेच ओळखू येतं. न ऐकलेले थोडे थोडे वाढत चाललेत. मी ओळखलंय असं त्यांना कळू देत नाही, आणि बोलायची थांबत नाही.

लोभ होता तसाच आहे, वर थोडा जास्त.
तुझी,
बारकी